परदेशात इंग्रजीचे शिक्षक म्हणून नोकरी कशी शोधावी

परदेशात इंग्रजी शिकवण्याची नोकरी शोधणारे बहुतेक जण आधी देश निवडतात, मग पगाराची चौकशी करतात आणि व्हिसाचे नियम सर्वांत शेवटी वाचतात. हा क्रम उलटा हवा. परदेशी शिक्षकाला कामाचा परवाना कोणत्या अटींवर द्यायचा हे त्या त्या देशाचे सरकार ठरवते, आणि या अटी मुख्यतः पासपोर्ट, पदवी, अध्यापनाचे प्रशिक्षण व अनुभव यांच्याशी निगडित असतात. म्हणून यांपैकी आपल्याजवळ आज काय आहे आणि येत्या वर्षभरात काय मिळवता येईल हे आधी लिहून काढावे आणि मगच देशांची यादी करायला घ्यावी.

पासपोर्टची अट सर्वांत कठोर, कारण तिच्यापुढे आपले काहीच चालत नाही. दक्षिण कोरियात परदेशी भाषाशिक्षकांसाठी ई-२ हा व्हिसा आहे आणि इंग्रजीच्या बाबतीत तो मुख्यतः अमेरिका, कॅनडा, ब्रिटन, आयर्लंड, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड व दक्षिण आफ्रिका या ७ देशांच्या नागरिकांना दिला जातो. जपानमध्ये खासगी भाषासंस्थांत शिकवण्यासाठी जो व्हिसा लागतो, त्यात शिक्षणाच्या माध्यमाला महत्त्व आहे. इंग्रजी माध्यमातून १२ वर्षे शिक्षण झाल्याचे दाखवता आले तर इतर देशांच्या उमेदवारांनाही तेथे वाव मिळतो. थायलंडच्या शाळांत फिलिपिन्सचे शिक्षक मोठ्या संख्येने काम करतात; मात्र ज्यांची मातृभाषा इंग्रजी नाही अशा उमेदवारांकडून तेथे इंग्रजीच्या प्रमाणित परीक्षेचे गुण मागितले जातात.

कायद्याची अट आणि संस्थेची आवड यांतला फरक मात्र नीट ओळखायला हवा. ‘फक्त नेटिव्ह स्पीकर हवेत’, म्हणजे मातृभाषा इंग्रजी असलेलेच हवेत, अशी जाहिरात दिसली की अनेक चांगले शिक्षक अर्जच करत नाहीत. वास्तविक ज्याने ही भाषा स्वतः मेहनतीने आत्मसात केली आहे, त्याला विद्यार्थी कोठे अडखळतो हे आतून ठाऊक असते आणि वर्गात हे ज्ञान अनमोल ठरते. टेसोल इंटरनॅशनल असोसिएशन या इंग्रजी शिक्षकांच्या व्यावसायिक संघटनेने २००६ मध्ये अशा भेदभावाविरुद्ध स्पष्ट भूमिका जाहीर केली होती. जेथे सरकारी नियम आड येतो तेथे वेळ घालवू नये. पण जेथे केवळ संस्थेची पसंती आड येते तेथे आयईएल्ट्ससारख्या इंग्रजीच्या प्रमाणित परीक्षेचे उत्तम गुण, नामांकित प्रशिक्षण आणि आपल्या तासिकेची छोटी चित्रफीत जोडून अर्ज जरूर करावा.

पदवीबद्दल फार लिहिण्याची गरज नाही. बहुतेक देशांत ती कोणत्याही विषयाची चालते, पण ती असावीच लागते; पदवी नसेल तर कायदेशीर नोकरीचे पर्याय फार कमी उरतात.

प्रशिक्षणाच्या बाबतीत मात्र बाजारात मोठा गोंधळ आहे. ‘१२० तासांचा टेफल कोर्स’ (टेफल म्हणजे परदेशी भाषा म्हणून इंग्रजी शिकवणे) या नावाने असंख्य ऑनलाइन अभ्यासक्रम विकले जातात. त्यांतले अनेक व्हिसाची कागदोपत्री अट पूर्ण करतात, परंतु त्यांत प्रत्यक्ष विद्यार्थ्यांसमोर उभे राहून शिकवणे बहुधा नसते. याउलट केंब्रिजचा सेल्टा आणि ट्रिनिटी कॉलेज लंडनचा सर्टटेसोल या दोन्ही अभ्यासक्रमांत खऱ्या विद्यार्थ्यांच्या वर्गावर ६ तास शिकवावे लागते. प्रशिक्षक मागे बसून तासिका पाहतात, नंतर तिच्यावर सविस्तर चर्चा करतात आणि त्यावर मूल्यमापन होते. पूर्णवेळ सेल्टा साधारण ४ आठवड्यांचा असतो. त्यात वर्गावरील कामाखेरीज ४ लेखी स्वाध्याय असतात आणि प्रवेशापूर्वी मुलाखतही होते. खर्च बराच येतो. तरीही ज्याला हे काम काही वर्षे करायचे आहे त्याने पैसे साठवून यांपैकीच एक अभ्यासक्रम करावा असे माझे ठाम मत आहे, कारण समोर बसलेला विद्यार्थी आपला वेळ आणि पैसा खर्च करून आलेला असतो आणि त्याला शिकवता येणारा शिक्षक मिळायला हवा.

या प्रशिक्षणाने काय बदलते ते एका उदाहरणावरून पाहू. ‘आय हॅव लॉस्ट माय की’ आणि ‘आय लॉस्ट माय की येस्टरडे’ या दोन वाक्यांतला फरक शिकवायचा आहे. नवखा शिक्षक फळ्यावर काळांची नावे लिहितो, नियम समजावून सांगतो आणि शेवटी ‘समजले का?’ असे विचारतो. वर्ग मान डोलावतो आणि कोणाला किती समजले हे कळायला मार्ग राहत नाही. प्रशिक्षित शिक्षक खिसे चाचपत वर्गात येतो, पहिले वाक्य म्हणतो आणि विचारतो: किल्ली आत्ता माझ्याजवळ आहे का? नाही. ती नेमकी कधी हरवली हे मी सांगितले का? नाही. मग तो दुसरे वाक्य म्हणतो: किल्ली कधी हरवली? काल. आता ती सापडली आहे का? या प्रश्नावर वर्ग थबकतो, कारण वाक्यातून ते कळतच नाही. या छोट्या प्रश्नोत्तरांतून फरक विद्यार्थ्यांच्या स्वतःच्या ध्यानात येतो. नियम फळ्यावर येतो तो त्यानंतर, आणि लगेच विद्यार्थी जोडीजोडीने तो वापरू लागतात.

मुलाखतीतही हेच पाहिले जाते. चांगल्या संस्था उमेदवाराला १० ते २० मिनिटांची नमुना तासिका घ्यायला सांगतात. अशा वेळी पुष्कळ साहित्य कोंबण्यापेक्षा एकच मुद्दा घ्यावा, सूचना लहान वाक्यांत द्याव्यात आणि आपण बोलण्यापेक्षा विद्यार्थ्यांना अधिक बोलू द्यावे. विद्यार्थ्याचे वाक्य चुकले की लगेच दुरुस्त न करता ते त्याला स्वतः सुधारण्याची संधी द्यावी; अनुभवी परीक्षक या बारकाव्याकडे आवर्जून लक्ष देतात.

नोकऱ्या कोठे असतात हे पाहताना संस्थांचे प्रकार वेगवेगळे धरावेत, कारण प्रत्येकाची भरतीची रीत निराळी आहे. सरकारी कार्यक्रम सर्वांत सुरक्षित, पण त्यांच्या तारखा ठरलेल्या असतात. परदेशी तरुणांना मुख्यतः शाळांत सहायक भाषाशिक्षक म्हणून नेमणारा जपानचा जेट कार्यक्रम १९८७ पासून चालू आहे. त्यात सहभागी देशांचे पदवीधर आपापल्या देशातील जपानी वकिलातीमार्फत अर्ज करतात, करार एका वर्षाचा असतो आणि तो जास्तीत जास्त ५ वर्षांपर्यंत वाढवता येतो. अर्ज भरण्यापासून रुजू होईपर्यंत जवळजवळ वर्ष जाते. सरकारी शाळांत इंग्रजी शिक्षक नेमणाऱ्या कोरियाच्या एपिक कार्यक्रमात वर्षातून दोन वेळा, वसंत व शरद सत्रांसाठी, भरती होते. खासगी भाषासंस्था मात्र वर्षभर माणसे घेतात आणि त्यांचा दर्जा उत्तमापासून अगदी वाईटापर्यंत काहीही असू शकतो. आंतरराष्ट्रीय शाळांत पगार व सोयी चांगल्या असतात, परंतु तेथे बहुधा शालेय अध्यापनाची मान्यताप्राप्त पदवी किंवा परवाना आणि किमान दोन वर्षांचा अनुभव लागतो. आखाती देशांतील विद्यापीठांच्या पायाभूत इंग्रजी विभागांत पदव्युत्तर पदवी असलेल्यांना पसंती मिळते. चीनमध्ये जुलै २०२१ च्या सरकारी धोरणाने शालेय विषयांच्या नफ्यावर चालणाऱ्या शिकवण्यांवर कडक निर्बंध आले आणि अनेक केंद्रे बंद पडली. त्यामुळे त्या देशाबद्दलची त्याआधीची माहिती आज जशीच्या तशी लागू पडत नाही.

जाहिरातींसाठी टेफल डॉट कॉम आणि डेव्ह्ज ईएसएल कॅफे ही जुनी व परिचित संकेतस्थळे आहेत. ब्रिटिश काउन्सिल आणि इंटरनॅशनल हाउस यांच्या जागा त्यांच्या स्वतःच्या संकेतस्थळांवर निघतात. एजंटमार्फत जाण्यात गैर काही नाही. मात्र एजंटचे शुल्क सामान्यतः संस्था भरते. जो शिक्षकाकडूनच नोकरी ‘पक्की’ करण्याचे पैसे मागतो, त्याच्याशी तेथेच संपर्क थांबवावा.

कागदपत्रांना नेहमी वाटते त्याहून जास्त वेळ लागतो, म्हणून त्यांची सुरुवात अर्जांबरोबरच करावी. मूळ पदवी, पोलिसांचे चारित्र्य प्रमाणपत्र आणि अनुभवाची पत्रे जवळपास सगळीकडे लागतात. कागदपत्रांच्या साक्षांकनाबद्दलच्या १९६१ च्या हेग करारात सहभागी असलेल्या देशांसाठी पदवीवर अपॉस्टिल हा एकच शिक्का पुरतो. इतर देशांसाठी आधी स्वदेशी परराष्ट्र खाते आणि मग त्या देशाची वकिलात अशी साक्षांकनाची साखळी पूर्ण करावी लागते. चीनमध्ये हा करार ७ नोव्हेंबर २०२३ पासून लागू झाल्याने अनेक देशांच्या उमेदवारांसाठी तेथील प्रक्रिया बरीच सोपी झाली आहे. चारित्र्य प्रमाणपत्र मात्र फार आधी काढू नये, कारण बहुतेक ठिकाणी ते अलीकडच्या काही महिन्यांतलेच चालते.

करार हाती आला की आनंदाच्या भरात सही करू नये. पगाराचा आकडा सगळेच पाहतात. त्याच्या आजूबाजूचे शब्द अधिक महत्त्वाचे असतात. आठवड्याला २५ तास लिहिले असतील तर ते फक्त वर्गातले आहेत की संस्थेत हजर राहण्याचे, तासिका सकाळी दोन व रात्री तीन अशा विखुरलेल्या आहेत का, सुट्ट्या पगारी आहेत का, घर संस्था देते की भत्ता, विमानाचे तिकीट आधी मिळते की वर्ष संपल्यावर, आजारपणात काय होते, आणि मध्येच नोकरी सोडल्यास कोणती रक्कम परत करावी लागते, हे सारे लेखी असावे. कोरियात सलग एक वर्ष पूर्ण केल्यावर साधारण एका महिन्याच्या पगाराएवढी सेवासमाप्तीची रक्कम कायद्याने मिळते. म्हणून तेथे कोणी ११ महिन्यांचा करार पुढे केला तर त्याचे कारण विचारायलाच हवे. तोंडी आश्वासन ईमेलवर लिहून मागावे. प्रामाणिक संस्था ते आढेवेढे न घेता पाठवते. सध्या तेथे काम करणाऱ्या आणि नुकत्याच सोडून गेलेल्या एकेका शिक्षकाशी बोलू देण्याची विनंतीही करावी. ही विनंती टाळली गेली तर तेवढ्यावरून नकार देणे मला योग्य वाटते.

‘आधी पर्यटक व्हिसावर या, मग सगळे करून देऊ’ हे वाक्य ऐकले की सावध व्हावे. पर्यटक व्हिसावर शिकवणे बेकायदेशीर असते, आणि पकडले गेल्यास दंड, हद्दपारी किंवा पुन्हा प्रवेशास बंदी या सगळ्याची झळ शिक्षकालाच बसते. शिवाय पगार थकला तरी दाद मागायला तोंड उरत नाही. काही देशांत पर्यटक म्हणून आलेल्याला तेथेच व्हिसा बदलून घेता येतो, पण तसा नियम खरोखर आहे की नाही हे त्या देशाच्या वकिलातीकडून स्वतः विचारून घ्यावे आणि परवाना हातात येईपर्यंत वर्गात पाऊल टाकू नये. पोहोचल्यावर वैद्यकीय तपासणी व निवासनोंदणी ठरलेल्या मुदतीत करावी, आणि ‘सांभाळून ठेवतो’ म्हणून कोणी पासपोर्ट मागितला तर फक्त प्रत द्यावी.

पहिली नोकरी संपताना आणखी एक काम राहून जाऊ नये. रुजू झाल्याची व सोडल्याची तारीख, पद, आठवड्याचे तास आणि विद्यार्थ्यांचा वयोगट नमूद केलेले, सही-शिक्क्याचे अनुभवपत्र देश सोडण्यापूर्वीच घ्यावे. पुढच्या देशाचा परवाना विभाग नेमके हेच मागतो. परत गेल्यावर ते मिळवायचे म्हटले तर जुन्या कार्यालयातली माणसे बदललेली असतात आणि ईमेलला उत्तर यायला महिने लागतात.