मण्यांचा गवा डुक्कर का होतो? या चुका टाळा

फोंड्याला घरी बसून मण्यांचे प्राणी विणते मी, कानातले, पेंडंट, कधी कीचेन. मे महिन्यात आजूबाजूच्या पोरी शिकायला येतात आणि सगळ्यांचा पहिला प्रश्न एकच, "काकी, एका दिवसात होतं ना?" नाही होत गं बायांनो. आणि एका दिवसात करायला जाता म्हणूनच खालचं सगळं घडतं.

पहिली आणि माझी सगळ्यात नावडती चूक म्हणजे भरतकामाचा चौकोनी ग्राफ नेटवरून उचलायचा आणि तसाच विणायला घ्यायचा. ब्रिक स्टिचमध्ये, म्हणजे मी विणते त्या सपाट विणीत, मणी कसा बसतो ते आधी बघा. आपल्याकडे चिऱ्याची भिंत रचतात ना, सांध्यावर चिरा, तसंच. आणि चिऱ्यासारखाच मणीही उंचीपेक्षा रुंदीला जास्त असतो. ११ नंबरचा गोल मणी रुंदीला साधारण २ मिमी, पण भोकाच्या दिशेने, म्हणजे विणीत उंचीला, १.३ मिमीच्या आसपास. म्हणजे कागदावर २० बाय २० चा नीट चौकोन काढलात तर विणून होतो ४ सेमी रुंद आणि जेमतेम अडीच सेमी उंच. बसकट!

हे मला कोणी सांगितलं नव्हतं. गवा हा गोव्याचा राज्यप्राणी, म्हणून मोठ्या हौसेने त्याचं पेंडंट करायला घेतलं, पाठीवरचा उंचवटा, गुडघ्याखालचे पांढरे मोजे, सगळं मोजून काढलं, चार रात्री डोळे फोडले आणि सकाळी बहिणीची पोरगी म्हणते, "मावशे, डुकराला मोजे कशाला घातलेस?" मान गायब, पाय गायब, पोट जमिनीला. ते डुक्कर अजून आहे माझ्याकडे, शिकायला येणाऱ्याला पहिल्या दिवशी तेच दाखवते.

आता मी काय करते, तर चौकोनी ग्राफ असेल तर दर दोन ओळींच्या तीन ओळी करते आणि वाढीव ओळी शक्यतो पायात आणि मानेत घालते, कारण बसकटपणा तिथेच डोळ्यात भरतो. ब्रिक स्टिचचे आडव्या चौकटींचे तयार ग्राफ मिळतात ते वापरा खुशाल, पण मी तरी आधी दहा बाय दहाचा तुकडा विणून पट्टीने मोजतेच.

ओळ सुरू करताना दोन मणी घ्यायचे, एक नाही. एक घेतलात की कडेला दोरा दिसतो. बास, एवढंच आहे ते.

नंबर जितका मोठा तितका मणी बारीक, हे पण लक्षात ठेवा, १५ नंबर मोठा समजून ऑर्डर करणारे दरवर्षी भेटतात मला. म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारातून मण्यांची पुडी आणलीत तर आधी ताटलीत ओतून जाडे, चपटे, तिरके मणी बाजूला काढा. कंटाळवाणं काम आहे, मी डाळ निवडता निवडता करते. गुलाबी-जांभळे मणी असतील तर दोनचार मणी नेलपॉलिश रिमूव्हरच्या बोळ्यात रात्रभर ठेवा, बोळा रंगला तर ते मणी घामाने पण उतरणार आणि आपल्याकडे घाम बारा महिने.

आता गोंद. गाठीवर झटपट चिकटणाऱ्या गोंदाचा थेंब टाकायचा आणि झालं म्हणायचं, हा शॉर्टकट ज्याने काढला त्याला माझा दंडवत. हा गोंद हवेतल्या ओलाव्याने घट्ट होतो, आणि जुलैतला ओलावा काय ते तुम्हाला सांगायला नको. चुलत नणंदेच्या साखरपुड्यासाठी कासवाचं पेंडंट केलेलं, मोरजीच्या किनाऱ्यावर अंडी घालायला येतं तसलं, करड्या-हिरव्या पाठीचं. आदल्या रात्री उशीर झाला म्हणून गाठीला गोंद लावून झोपले, सकाळी बघते तर गाठीभोवतीच्या मण्यांवर पांढरी वाफ बसलेली, कासवाला बुरशी आल्यासारखी. ओल्या फडक्याने पुसली, जात नाही. तसंच घातलं तिच्या गळ्यात. पण खरी गंमत पुढेच, गोंद शिरला की दोरा काडीसारखा कडक होतो आणि कडक भाग संपतो तिथेच तुटतो. पंगतीत ती वाकली आणि कासवाचं डोकं टुपकन सोलकढीत! सासूबाई समोरच बसलेल्या. त्या दिवसापासून गोंद बंद. दोन मण्यांमध्ये गाठ, मग सहा-सात मण्यांतून दोरा उलटसुलट फिरवायचा, परत एक गाठ, परत फिरवायचा आणि मगच कात्री. पाच मिनिटं जातात फक्त.

तंगुसाचा, म्हणजे मासे धरायच्या गळाचा दोरा फुगीर प्राण्यांना ठीक आहे, सपाट विणीला नको, गाठ सरकते. नायलॉनचा दोरा आधी हाताने ताणून घ्या, नाहीतर नंतर ताणतो आणि प्राणी लुळा पडतो. सुई अडली तर पकडीने ओढू नका, मणी फुटतो, आणि फुटतो तो नेमका मधल्या ओळीतला.

कानाचे हुक स्वस्तातले घेऊ नका, निकेलने कान सुजतात, सर्जिकल स्टीलचे घ्या.

आणि जोडी. नुसती वीण असेल तर एक कानातलं उलटं फिरवून हुक लावता येतं, पण मागे चामडं शिवणार असाल तर दुसऱ्याचा ग्राफ आरशात दिसतो तसा उलटा काढा. नाहीतर दोन्ही पक्षी एकाच दिशेला बघतात. माझ्या डब्यात तीन खंड्ये पडलेत, तिन्ही डावीकडे बघणारे, तिघांचे जोडीदार अजून विणायचेत.