ड्रिलमध्ये जमते, स्पॅरिंगमध्ये फसते: सरावातील या चुका टाळा

साथीदाराने धरलेल्या पॅडवर सफाईने बसणारा ठोसा स्पॅरिंगमध्ये, म्हणजे सरावाच्या लढतीत, हवेत जातो आणि शंभरदा घोटलेला डाव लढतीत आठवतसुद्धा नाही, ही तक्रार मार्शल आर्ट शिकणारा जवळजवळ प्रत्येक जण कधी ना कधी करतो. त्यावर ‘आणखी आवृत्त्या करा’ हा सल्ला ठरलेला असतो. माझ्या मते तो बहुधा निरुपयोगी ठरतो, कारण ड्रिलमध्ये, म्हणजे ठरवून केलेल्या उजळणीत, जे अंगवळणी पडते तेच लढतीत बाहेर येते आणि अंगवळणी नेमके काय पडले आहे, हे कोणी तपासलेले नसते.

तपासणी साथीदारापासून सुरू करावी. ज्युदोतील उचिकोमी, म्हणजे प्रत्यक्ष न फेकता डावात शिरण्याची उजळणी, हे याचे उत्तम उदाहरण आहे. शिकणारा आत वळतो, पाठ लावतो, मागे येतो आणि आकडा पुढे सरकतो. मात्र बाही धरलेल्या हाताकडे नीट पाहिले, तर तो पुष्कळदा ओढतच नसतो. साथीदारही टाचांवर भार देऊन निवांत उभा असतो. तोल ढळवणे, ज्याला जपानीत कुझुशी म्हणतात, हा डावाचा पहिलाच भाग गाळून उरलेल्याची उजळणी चाललेली असते. पुढे फेकायच्या डावात साथीदाराचा भार चवड्यांवर आला नसेल, तर ती आवृत्ती मोजू नये, आणि अधूनमधून डाव फेकीपर्यंत न्यावा. साथीदार मदत म्हणून आधीच पुढे झुकत असेल, तर त्यालाही थांबवावे; असली मदत घातकच. १८८२ मध्ये कोडोकान ही ज्युदोची शाळा स्थापन करणाऱ्या जिगोरो कानो यांनी ठरीव हालचालींच्या काताबरोबर रांदोरी, म्हणजे मोकळी झुंज, शिक्षणात ठेवली होती, ती उगीच नव्हे.

ठोशांच्या सरावात हीच चूक अंतराच्या रूपाने दिसते. पॅड धरणारा एका जागी उभा राहून पॅड ठोशाकडे आणतो, त्यामुळे मारणाऱ्याला पाऊल टाकावेच लागत नाही. पॅड धरणाऱ्याने ठोशांच्या प्रत्येक मालिकेनंतर अर्धे पाऊल मागे किंवा बाजूला सरकावे, आणि ठोसा मारून हात हनुवटीऐवजी छातीपाशी परतत असेल, तर पॅडने गालाला हलका स्पर्श करावा. तोंडी सूचनेपेक्षा हा स्पर्श लवकर समजतो.

एकच हालचाल सलग घोटत राहण्याचा मोह विशेष फसवा आहे. शी आणि मॉर्गन या संशोधकांनी १९७९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात हाताच्या हालचालींचे तीन क्रम काहींनी एकेक करून, तर काहींनी सरमिसळ करून शिकले. सरावाच्या वेळी सरमिसळ करणारे मागे होते, पण नंतरच्या चाचणीत तेच सरस ठरले. म्हणून हालचाल एकदा समजली, की तीन तंत्रे मिसळून घ्यावीत आणि सराव ओबडधोबड दिसला तरी घाबरू नये. अगदी नवख्याला मात्र सुरुवातीला सलग आवृत्त्याच द्याव्यात.

दमल्यावर बिघडलेल्या आवृत्त्या तंत्राच्या हिशेबात धरू नयेत. तो दमसासाचा व्यायाम समजावा.

एवढे करूनही दोष सापडत नसेल, तर ड्रिल एकेक पायरीने मोकळे करावे. आधी साथीदाराला फक्त चालू द्यावे. तंत्र इथेच कोलमडले, तर दोष अंतरात किंवा पावलांत आहे. मग हल्ला ठरलेलाच ठेवावा, पण त्याची वेळ साथीदाराने निवडावी. इथे उशीर होत असेल, तर शिकणारा खांद्याची किंवा कमरेची पहिली हालचाल न पाहता केवळ ताल मोजत होता. शेवटी दोन हल्ल्यांपैकी कोणताही एक येऊ द्यावा. ज्या पायरीवर दहापैकी निम्मे प्रयत्न फसतात, तिथेच पुढचे काही दिवस मुक्काम करावा आणि जोर मात्र अर्ध्यावर ठेवावा, कारण पूर्ण जोरात दोघेही बचावाला लागतात आणि जे तपासायचे ते दिसेनासे होते.