सट्ट्याच्या संकेतस्थळांवरची सरकारी बंदी: ती कशी ओळखावी आणि घरात तिला जोड कशी द्यावी

सट्ट्याचे एखादे संकेतस्थळ काल उघडत होते आणि आज उघडत नाही, म्हणजे ते बंद पडले असे समजू नये. अशा संकेतस्थळांचे सर्व्हर बहुधा परदेशात असतात आणि तिथपर्यंत आपल्या सरकारचा हात पोहोचत नाही. सरकार फक्त इथल्या इंटरनेट कंपन्यांना तिकडे जाणारी वाट अडवण्याचा आदेश देते. एवढे ध्यानात घेतले, तर ही बंदी कुठे उपयोगी पडते, कुठे तोकडी पडते आणि ज्या घरात कोणाला हा नाद लागला आहे तिथे स्वतः काय करावे लागेल, हे ठरवणे सोपे जाते.

प्रथम कायदा थोडक्यात पाहू. संकेतस्थळे अडवण्याचा अधिकार केंद्र सरकारला माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० मधील कलम ६९अ नुसार मिळतो. त्याची कार्यपद्धती २००९ च्या नियमांत आहे आणि त्याच नियमांनी हे आदेश गोपनीय ठेवलेले असल्यामुळे अडवलेल्या संकेतस्थळांची अधिकृत यादी सामान्य माणसाला पाहायला मिळत नाही. नोव्हेंबर २०२३ मध्ये सक्तवसुली संचालनालयाच्या विनंतीवरून ‘महादेव बुक’सह २२ ॲप आणि संकेतस्थळे अडवली गेली, ती बातमी सर्वांनी वाचली; बाकीचे बहुतेक आदेश गाजावाजा न होता निघतात. त्यानंतर आलेल्या ऑनलाइन गेमिंगविषयक कायद्याला २२ ऑगस्ट २०२५ रोजी राष्ट्रपतींची संमती मिळाली. पैसे लावून खेळायचा खेळ कौशल्याचा की नशिबाचा, हा जुना वाद त्याने बाजूला सारला आणि दोन्हींवर बंदी घातली. त्यातली शिक्षा खेळ चालवणाऱ्याला, त्याची जाहिरात करणाऱ्याला आणि पैशांची वाट करून देणाऱ्याला आहे, खेळणाऱ्याला नाही. कुटुंबीयांनी हे मुद्दाम जाणून घ्यावे, कारण ‘आपल्याच मुलावर गुन्हा दाखल होईल’ या भीतीने कित्येक घरे तक्रारच करत नाहीत. गोव्यातील कॅसिनोंना मिळालेला परवाना त्या जागेपुरता असतो, त्यामुळे ‘गोव्यात चालते, मग फोनवर का नाही’ हा युक्तिवाद इथे टिकत नाही.

आता बंदी ओळखायची कशी? कधी पडद्यावर सरकारी आदेशानुसार हे संकेतस्थळ अडवण्यात आले आहे, अशा अर्थाचा इंग्रजी मजकूर दिसतो; तेव्हा शंकेला जागा राहत नाही. पण आज जवळपास सर्व संकेतस्थळे सुरक्षित जोडणी वापरतात आणि त्या जोडणीत इंटरनेट कंपनीला आपला फलक मध्येच घुसवता येत नाही, म्हणून बहुतेक वेळा पान नुसते फिरत राहते किंवा जोडणी तुटल्याचा संदेश येतो. असे झाल्यास तेच पान घरच्या वायफायवर आणि दुसऱ्या कंपनीच्या मोबाइल डेटावर उघडून पाहावे. प्रत्येक कंपनी आदेश आपापल्या तंत्राने अमलात आणते. कोणी नावावरून पत्ता सांगणाऱ्या डीएनएस यंत्रणेतच खोटे उत्तर देते, तर कोणी जोडणी सुरू होताना उघडे दिसणारे संकेतस्थळाचे नाव वाचून ती तोडते. त्यामुळे एकीकडे चालणारे आणि दुसरीकडे अडणारे पान बंदीखाली आलेले असण्याची शक्यता मोठी असते.

या बंदीचा परिणाम होतो, पण तो कोणावर होतो हे पाहायला हवे. कुतूहलापोटी एखादा दुवा दाबणारा नवखा माणूस अडतो आणि तेवढा लाभ खरा आहे. ज्याला चटक लागली आहे, त्याच्यासाठी मात्र चालक त्याच नावापुढे एखादा आकडा जोडून दुसऱ्याच दिवशी नवा पत्ता घेतात आणि तो टेलिग्रामवर किंवा व्हॉट्सॲपवर धाडतात. मग व्यवहार ब्राउझरमधून निघून ‘आयडी’ देणाऱ्या माणसाकडे जातो. तो क्यूआर कोड पाठवतो, पैसे भरल्याचा स्क्रीनशॉट मागतो आणि खात्यात ‘पॉइंट’ टाकतो. तो कोड नीट पाहावा: सकाळी पैसे घेणाऱ्याचे नाव कापड दुकानाचे, संध्याकाळी भलत्याच राज्यातील कोणा व्यक्तीचे. ही भाड्याने घेतलेली खाती असतात. अमेरिकेने २००६ च्या कायद्यात संकेतस्थळांपेक्षा बँकांच्या देवघेवीवर बोट ठेवले, ते मला अधिक शहाणपणाचे वाटते. पत्ता बदलायला काही मिनिटे लागतात, पैशांची वाट बदलणे तितके सोपे नसते. घरातही हाच क्रम धरावा.

म्हणून सुरुवात बँकेपासून करावी. कार्डावरील ऑनलाइन आणि आंतरराष्ट्रीय व्यवहार चालू-बंद करण्याची व त्यांची मर्यादा ठरवण्याची सोय रिझर्व्ह बँकेने २०२० पासून बँकांना बंधनकारक केली आहे. ती बँकेच्या ॲपमध्ये सापडते. आंतरराष्ट्रीय व्यवहार बंदच ठेवावेत. यूपीआय शक्यतो अशा वेगळ्या खात्याला जोडावे ज्यात आठवड्याच्या खर्चापुरतीच रक्कम असेल, आणि पगाराचे खाते त्यापासून दूर ठेवावे. ऑटोपेची यादी उघडून अनोळखी मंजुऱ्या रद्द कराव्यात.

त्यानंतर फोन हाती घ्यावा. अँड्रॉइडमध्ये अनोळखी ठिकाणांहून ॲप बसवण्याची परवानगी सेटिंगमधील ॲपविषयक विशेष परवानग्यांत असते. तिथे ब्राउझर, व्हॉट्सॲप आणि टेलिग्राम या तिन्हींची परवानगी काढून टाकावी, कारण सट्ट्याच्या एपीके फाइल, म्हणजे प्ले स्टोअरबाहेरून ॲप बसवणाऱ्या फाइल, याच वाटांनी येतात. पुढे अँड्रॉइड ९ पासून उपलब्ध असलेले ‘प्रायव्हेट डीएनएस’ वापरावे. नेक्स्टडीएनएससारख्या सेवेत खाते काढून पालक नियंत्रणातील जुगाराचा वर्ग अडवावा आणि मिळालेला पत्ता त्या सेटिंगमध्ये भरावा. तिथेच सुरक्षा विभागात नव्याने नोंदवलेली, म्हणजे ३० दिवसांहून कमी वयाची संकेतस्थळे अडवण्याचा पर्याय आहे. रोज पत्ते बदलणाऱ्या चालकांवर यादीपेक्षा हा पर्याय अधिक लागू पडतो. मोफत योजनेत महिन्याला तीन लाख विचारणांची (फोनने संकेतस्थळाचा पत्ता विचारण्याची) मर्यादा आहे आणि ती ओलांडली की गाळणी थांबते, याकडे लक्ष असू द्यावे. बेटब्लॉकर हे मोफत ॲपही आहे. ते ठरावीक मुदतीसाठी लावले की मुदत संपेपर्यंत सहजासहजी काढता येत नाही.

व्हीपीएन, म्हणजे आपली जोडणी दुसऱ्याच सर्व्हरमार्गे वळवणारी सेवा, चालू असेल तर यातील बरेचसे निष्फळ ठरते, तेव्हा नेटवर्क सेटिंगमधील व्हीपीएनची नोंद अधूनमधून पाहावी. आणि हे सारे संबंधित माणसाला सांगून करावे. पासवर्ड पत्नीकडे, बहिणीकडे किंवा विश्वासू मित्राकडे राहावा, पण गुपचूप लावलेले कुंपण प्रौढ माणूस उघडकीला आल्याबरोबर तोडतो आणि पुढचे व्यवहार अधिक लपवून करतो. इच्छा असूनही थांबता येत नसेल, तर ‘टेलिमानस’च्या १४४१६ या सरकारी क्रमांकावर समुपदेशकाशी बोलता येते.

एका संकटाची कल्पना फार थोड्यांना असते. जिंकलेली रक्कम ज्या खात्यातून येते, त्यात दुसऱ्या कोणाची फसवणूक करून लाटलेले पैसे असू शकतात; तो माणूस तक्रार करतो आणि त्या पैशांच्या मागावर असलेल्या परराज्यातील पोलिसांच्या सूचनेवरून आपले खाते गोठते. असे झाल्यास बँकेकडून तक्रारीचा क्रमांक, पोलीस ठाण्याचे नाव आणि रोखलेली रक्कम लेखी मागून घ्यावी आणि कोणतीही गोष्ट न लपवता त्या तपास अधिकाऱ्याशी लेखी संपर्क साधावा. कमिशनच्या आमिषाने आपले खाते किंवा सिम कार्ड कोणाला वापरायला देऊ नये.

आपलीच फसवणूक झाली असेल, तर ताबडतोब १९३० वर फोन करावा किंवा राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार नोंदवावी. व्यवहाराचा बारा अंकी यूपीआय संदर्भ क्रमांक, क्यूआर कोडवरील नाव, गप्पांचे स्क्रीनशॉट आणि संकेतस्थळाचा पूर्ण पत्ता जपून ठेवावा. लाजेपायी संभाषण पुसून टाकू नये. तक्रारीनंतर ‘शुल्क भरा, पैसे परत मिळवून देतो’ असे सांगणारा फोन आला, तर त्याचा क्रमांकही त्याच तक्रारीत जोडावा.