इलेक्ट्रिक कार कधी घ्यावी: खान्देशातल्या उन्हाचा आणि विजेचा हिशेब

शोरूममध्ये जाण्याआधी वायरमनला घरी बोलवा. गाडी रात्री जिथे उभी राहते, तिथपर्यंत तुमच्या स्वतःच्या मीटरवरून वायर जात नसेल, तर इलेक्ट्रिक कार सध्या घेऊ नका. सगळी भिस्त बाहेरच्या चार्जरवर ठेवली तर बचत बरीच घटते आणि रांगेत जाणारा वेळ वेगळाच. अपार्टमेंटमध्ये राहत असाल तर सोसायटीची ना हरकत लेखी घ्या, बुकिंग त्यानंतर. मळ्यात राहणाऱ्यांनी शेतीपंपाच्या जोडणीवर गाडी लावू नये. ती वीज पंपासाठी मंजूर असते, दुसऱ्या कामाला वापरली तर वीज कायद्याच्या कलम १२६ खाली दंडाची आकारणी होते.

वायर येत असेल तर मग पैशांचा हिशेब. समजा महिन्याला १,००० किमी फिरणं आहे. पेट्रोल गाडी लिटरला १५ किमी देते आणि पेट्रोल १०५ रुपये, म्हणजे खर्च ७,००० रुपये. इलेक्ट्रिक गाडी युनिटला साडेसहा किमी धरली आणि चार्जिंगमधली १० टक्के घट मिळवली, तर १७० युनिट लागतात. इथे बरेच जण चुकतात: बिलाचा सरासरी दर धरतात. हे १७० युनिट घरच्या वापरावर चढतात, म्हणून तुमच्या बिलातल्या सर्वांत वरच्या स्लॅबचा दर धरा. तो सगळे आकार मिळून १२ रुपये पडला, तर खर्च साधारण २,००० रुपये. बचत ५,०००. दोन गाड्यांच्या किमतीत ३ लाखांचा फरक असेल तर तो भरून निघायला ५ वर्षं लागतात. महिन्याला २,००० किमी असेल तर अडीच वर्षं. ५०० किमीच असेल तर १० वर्षं, आणि तेव्हा पेट्रोलच बरं. रोज भुसावळ-जळगाव ये-जा करणाऱ्याला ही गाडी परवडते. फक्त लग्नसराईत गाडी काढणाऱ्याला नाही.

छतावर सोलर असेल तर हिशेब आणखी बदलतो. ३ किलोवॅटचा संच महिन्याला साधारण ३५० युनिट देतो, म्हणजे गाडीचं भागून घरालाही उरतं. पण नेट मीटर (ग्रिडला दिलेली आणि घेतलेली, दोन्ही वीज मोजणारा मीटर) आधी बसवून घ्या. प्राप्तिकरातली कलम ८०ईईबीची, म्हणजे इलेक्ट्रिक गाडीच्या कर्जाच्या व्याजावरची सूट मात्र ३१ मार्च २०२३पर्यंत मंजूर झालेल्या कर्जांपुरतीच होती; विक्रेता अजून ती सांगत असेल तर त्याच्या बाकीच्या आकड्यांकडेही संशयाने बघा.

आता वायरिंग. गाडीसोबतच्या पोर्टेबल चार्जरला १६ अँपिअरचा स्वतंत्र सॉकेट, ४ स्क्वेअर एमएमची तांब्याची वायर आणि स्वतंत्र एमसीबी (भार जास्त झाला की आपोआप पडणारा स्विच) हवा. ७.२ किलोवॅटचा वॉलबॉक्स, म्हणजे भिंतीवर बसवायचा चार्जर, ३२ अँपिअर ओढतो. त्याला किमान ६ स्क्वेअर एमएम वायर, अंतर लांब असेल तर १०, सोबत ४० अँपिअरचा एमसीबी आणि ३० मिलीअँपिअरचा आरसीसीबी (करंट गळाला की वीज तोडणारा स्विच). मीटरचा मंजूर भार वाढवून घ्यावा लागतो, तो अर्ज गाडीच्या आधी टाका. सॉकेट वितळण्याच्या बहुतेक तक्रारींचं मूळ सैल प्लग किंवा एक्स्टेन्शन बोर्ड असतं. तासंतास पूर्ण करंट वाहतो, मिक्सरसारखा दोन मिनिटं नाही.

अर्थिंग हा आपल्याकडचा खरा त्रास. काळी माती पावसाळ्यात छान ओल धरते; एप्रिल-मेमध्ये भेगाळते आणि अर्थिंगचा रोध वाढतो. मग चार्जरवर लाल दिवा लागतो आणि दोष गाडीला दिला जातो. खड्डा स्वतंत्र घ्या, रोध ५ ओहमच्या आत मोजून घ्या, उन्हाळ्यात खड्ड्यात अधूनमधून पाणी ओता. न्यूट्रल आणि अर्थमधलं व्होल्टेज दोन-तीन व्होल्टच्या वर दिसलं तर चार्जर बदलण्याआधी वायरमनला दाखवा.

टेस्ट ड्राइव्ह आखाजीच्या (अक्षय तृतीयेच्या) सुमारास, भर दुपारी दोनला घ्या. पारा ४४-४५वर, एसी पूर्ण, वेग ९० आणि चार माणसं बसलेली. या अवस्थेत बॅटरीचे टक्के किती उतरले ते लिहून ठेवा. ब्रोशरमधल्या रेंजच्या ६० ते ७० टक्केच हाती येतात. बॅटरी एलएफपी (लिथियम-लोह-फॉस्फेट) आहे की एनएमसी (निकेल-मँगनीज-कोबाल्ट), हेही विचारा. आपल्या उन्हाला एलएफपी जास्त सोसते; तिला आठवड्यातून एकदा १०० टक्के भरावं, म्हणजे टक्क्यांचा आकडा खरा राहतो. एनएमसी रोजच्या वापरात ८० टक्क्यांवर थांबवावी. दोन्हींना पूर्ण भरून उन्हात उभं ठेवणं वाईट. दुपारी लांबून आलात तर प्लग लगेच लावू नका, पहाटेचं टायमिंग लावा.

घाटाला लोक उगाच घाबरतात. चाळीसगावहून कन्नडला चढताना उंचीपायी सव्वा ते दीड युनिट जास्त जातं, आणि उतरताना त्यातलं बरंचसं परत येतं. धुळे-नाशिक रस्त्यावर ८०ऐवजी ११०ने पळवली तर याहून जास्त जातं. लांबच्या प्रवासात २० टक्के उरलेले असताना चार्जरला पोहोचा, आणि पुढचा दुसरा चार्जर हेरून ठेवा. ॲपवर नुसता हिरवा ठिपका पाहू नका, शेवटचं चार्जिंग कधी झालं ते बघा.

जुनी घेत असाल तर वॉरंटी पुढच्या मालकाला लागू होते का, हे लेखी घ्या. बॅटरीला साधारण ८ वर्षं किंवा १,६०,००० किमी मिळतात. आणि बोनेटखालची छोटी १२ व्होल्टची बॅटरी तपासा. मोठी ८० टक्के भरलेली असूनही ही मेली तर गाडी सुरूच होत नाही, आणि आपल्या उन्हात ती दोन-तीन वर्षांत मान टाकते.