१-० च्या बेसबॉल सामन्याचं स्कोअरकार्ड कसं भरायचं

धावफलकावर शून्यांची माळ लागते तेव्हा सामना नेमका कुठे फिरला हे हाताने भरलेल्या कार्डावरच दिसतं. सरावाला २७ ऑक्टोबर १९९१ चा वर्ल्ड सिरीजचा (अमेरिकन बेसबॉलच्या अंतिम मालिकेचा) सातवा सामना घ्या : मिनेसोटा ट्विन्स १, अटलांटा ब्रेव्हज ०, इनिंग (दोन्ही संघांची फलंदाजीची एकेक पाळी) १०.

पेन्सिल, खोडरबर आणि प्रत्येक संघाला एक पान पुरे. पेनाच्या वाटेला जाऊ नका. इनिंगचे रकाने १२ तरी आखा आणि प्रत्येक फलंदाजाखाली एक ओळ मोकळी सोडा, कारण अशा सामन्यात बदली खेळाडू हमखास येतात.

क्षेत्ररक्षकांचे आकडे पाठच हवेत : पिचर (चेंडू टाकणारा) १, कॅचर (फलंदाजामागचा) २, पहिला बेस ३, दुसरा ४, तिसरा ५, शॉर्टस्टॉप ६, फलंदाजाच्या डाव्या हाताचा आउटफिल्डर ७, मधला ८, उजवा ९. शॉर्टस्टॉप दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसच्या मध्ये उभा असतो, म्हणून नवशिके त्याला ५ देऊन बसतात. हे आकडे जागेचे, जर्सीचे नव्हेत.

प्रत्येक चौकोनात छोटा हिरा असतो. धावपटू जिथवर पोचला तिथवरच रेघ ओढा आणि त्याला पुढे नेणाऱ्या फलंदाजाचा फलंदाजीतला क्रमांक रेघेशेजारी लगेच लिहा. धाव झाली तरच हिरा भरायचा. बाद झालेल्याचा क्रम (१, २, ३) वर्तुळात.

आता ब्रेव्हजची आठवी इनिंग. लॉनी स्मिथ एका बेसची हिट मारून पहिल्या बेसवर. टेरी पेंडलटनचा डबल (दोन बेसची हिट). एरवी यावर धाव होते, पण स्मिथ दुसऱ्या बेसपाशी अडखळला आणि तिसऱ्यावरच थांबला. त्याची रेघ तिथेच तोडा, शेजारी पेंडलटनचा फलंदाजीतला क्रमांक २. रॉन गँटचा चेंडू पहिल्या बेसवाल्याने उचलून स्वतःच बेसला पाय लावला : '३', बिनमदत. डेव्हिड जस्टिसला मुद्दाम वॉक (पहिला बेस फुकट), बेस भरले. मग सिड ब्रीम : ३-२-३. पहिल्या बेसवरून होम प्लेट, तिथून परत पहिला बेस. हे तीन आकडे ब्रीमच्या चौकोनात. स्मिथच्या चौकोनात होम प्लेटपाशी आडवी खूण आणि वर्तुळात २, ब्रीमकडे वर्तुळात ३. डबल प्लेमध्ये (एकाच चेंडूवर दोन बाद) लोक फलंदाजाचाच बाद लिहितात आणि धावपटू कागदावर बेसवर उभाच राहतो!

पिचर बदलला की नव्या पिचरसमोर आलेल्या पहिल्या फलंदाजाच्या चौकोनावर जाड आडवी रेघ. ब्रेव्हजचा पिचर जॉन स्मोल्ट्झ आठव्या इनिंगमध्ये एक बाद करून गेला, त्याच्या नावापुढे ७.१. हा दशांश नव्हे, सात इनिंग आणि एक बाद. पलीकडे ट्विन्सच्या जॅक मॉरिसने दहाही इनिंग एकट्याने टाकल्या, १२६ चेंडू.

दहावीत ट्विन्सच्या डॅन ग्लॅडनचा डबल, चक नॉब्लॉकचा सॅक्रिफाइस बंट (स्वतः बाद होऊन धावपटूला पुढे नेणारा हलका टोला), लागोपाठ दोन मुद्दाम वॉक आणि जीन लार्किनने पुढे आलेल्या आउटफिल्डच्या डोक्यावरून मारलेला फटका. लांब गेला तरी तो सिंगलच (एका बेसची हिट) लिहायचा : विजयी धावपटू तिसऱ्या बेसवरून आला, म्हणजे फलंदाजाला एकच बेस. भिंतीपलीकडे गेलेला होमरन तेवढा अपवाद.

इनिंग संपली की ताळा करा : फलंदाजीला आलेले = बाद + धावा + बेसवर अडकलेले. ब्रेव्हजची आठवी : ३+०+२ = ५. ट्विन्सची दहावी : १+१+३ = ५. २०१७ पासून मेजर लीगमध्ये मुद्दाम वॉक एकही चेंडू न टाकता नुसत्या इशाऱ्यावर मिळतो, आणि तुमची मान तेव्हा नेमकी कागदात असते. ताळा जुळला नाही तर आधी तोच शोधा.