मोल्डेड फेराइट मॅग्नेट घेताय? या चुका टाळा

"सिंटर्ड रिंग फुटते हो, त्याच मापाची मोल्डेड द्या." कुपवाड एमआयडीसीत छोट्या पंपांचे रोटर बनवणाऱ्यांची ही नेहमीची मागणी. माप तेच ठेवलं तर पंपाचा दम गेलाच म्हणून समजा. सिंटर्ड, म्हणजे पावडर दाबून भट्टीत भाजलेल्या फेराइटचं एनर्जी प्रॉडक्ट (मॅग्नेटच्या ताकदीचं माप) साधारण 3.5 ते 4 एमजीओई (मेगागॉस-ओरस्टेड). मोल्डेडमध्ये पावडरसोबत प्लास्टिक असल्याने चांगला मालही 2 च्या आसपास अडतो. जाडी, लांबी, एअर गॅप नव्याने मांडा. शाफ्टवर थेट मोल्ड होतो, ग्राइंडिंग वाचतं, कडा सहसा तुटत नाहीत. मोल्डेड घ्यायचा तो यासाठी.

ऑर्डरवर नुसता "गॉस" (चुंबकीय क्षेत्राचं एकक) लिहू नका. गॉसमीटरचा प्रोब कुठे नि किती अंतरावर धरायचा, तेही ड्रॉइंगवर हवं. नाहीतर सप्लायरशी वाद ठरलेला.

सगळ्यात डोकं खाणारी तक्रार म्हणजे एकच पोल कमजोर. ऑपरेटर लगेच मॅग्नेटायझरचं व्होल्टेज वाढवतो. रिंग आधीच सॅच्युरेट, म्हणजे पूर्ण मॅग्नेटाइज झालेली असेल तर त्याने काही होत नाही. अनायसोट्रॉपिक मालात (ज्यात कण ठरावीक दिशेला वळवलेले असतात) कणांची दिशा डायमध्येच, माल वितळलेला असताना ठरते. मॅग्नेटायझरच्या फिक्श्चरचे (ज्यात रिंग बसवतात त्याचे) पोल त्याच जागी यायला हवेत. म्हणून लोकेटिंग खाच डायमधूनच काढून घ्या. तपासायचं असं: मॅग्नेटाइज न केलेल्या दोन रिंगांवर गेटजवळ (जिथून माल डायमध्ये शिरतो) खूण करा. एक नेहमीसारखी बसवा, दुसरी बरोबर एक पोल फिरवून. मग हिरवी मॅग्नेटिक फिल्म ठेवा आणि गॉसमीटरने प्रत्येक पोल मोजा. कमजोर पोल खुणेबरोबर सरकला तर दोष डायचा, बहुतेकदा वेल्ड लाइनचा (वितळलेल्या मालाचे दोन प्रवाह जुळतात ती रेघ). जागेवरच राहिला तर फिक्श्चर उघडा.

मोल्डेडमध्ये प्लास्टिक म्हणून येणारा नायलॉन 6 पाणी पितो. पावसाळ्यात दाणा नीट न सुकवता हॉपरमध्ये टाकला की पीसवर चट्टे येतात, आत पोकळ्या राहतात. पाण्यात बुडणारा रोटर तर फुगून केसिंगला घासू शकतो. तिथे नायलॉन 12 घ्या. गरम पाणी असेल तर पीपीएस (पॉलिफेनिलीन सल्फाइड प्लास्टिक), पण तो ठिसूळ, प्रेस फिट जपून.

तापमानाचं गणित निओडिमियमच्या उलट आहे. उष्णतेने फेराइटचं फ्लक्स दर अंशाला सुमारे 0.2 टक्के घटतं, पण थंड झाल्यावर बहुतेक परत येतं. थंडीत मात्र कोअर्सिव्हिटीच, म्हणजे चुंबकत्व टिकवून धरायची ताकद, उतरते. सांगलीत टेस्ट केलेला पंप लडाखला जाणार असेल, तर मोटर जाम झाल्यावरचा करंट तिथल्या किमान तापमानाला मॅग्नेट सोसतो का, हे सप्लायरकडून डीमॅग्नेटायझेशन कर्व्हसकट (चुंबकत्व उतरण्याच्या आलेखासकट) लिहून घ्या.