प्रायोगिक घटकाला अधिकृत दर्जा देण्यापूर्वी करायची कामे

लातुरात आम्ही काही जण शेतीच्या नोंदींसाठी एक मुक्तस्रोत लायब्ररी, म्हणजे कोणालाही आपल्या प्रोग्राममध्ये वापरता येईल असा तयार कोडचा संग्रह, सांभाळतो. सातबाऱ्यावरील हेक्टर-आरमधील क्षेत्र एकर-गुंठ्यांत करून देणारा तिचा एक घटक बरेच दिवस ‘प्रायोगिक’ फोल्डरमध्ये होता. तो मुख्य लायब्ररीत घेताना जे करावे लागले, ते तुमच्याही कामी येईल.

अधिकृत दर्जा देणे म्हणजे वापरणाऱ्याला शब्द देणे : यापुढे फंक्शनांची (ठरावीक काम करून देणाऱ्या कोडच्या तुकड्यांची) नावे, त्यांना द्यायची माहिती आणि त्यांच्याकडून मिळणारे उत्तर आम्ही मनाला येईल तेव्हा बदलणार नाही. म्हणून जे बदलायचे आहे, ते घटक प्रायोगिक असतानाच बदलून घ्यावे. आमचे फंक्शन सुरुवातीला एकच दशांश संख्या परत करीत असे. अडीच एकराला ते २.५ म्हणे, परंतु आपल्याकडे कोणीही शेतकरी अडीच एकर ‘२.२०’ असे लिहितो, कारण एकराचे गुंठे चाळीस, आणि टिंबापुढचा आकडा हा त्याच्यासाठी दशांश नसून गुंठे असतो. एका वापरकर्त्याने आमचे २.५ हे उत्तर दोन एकर पाच गुंठे असे वाचून छापले, तेव्हा चूक त्याची नसून आमच्या रचनेची आहे हे लक्षात आले. आता एकर आणि गुंठे वेगवेगळे मिळतात. हीच दुरुस्ती दर्जा दिल्यानंतर केली असती, तर त्या उत्तरावर उभा असलेला प्रत्येक प्रोग्राम मोडला असता.

मोठ्या प्रकल्पांनीही हीच वाट धरली आहे. पायथन या प्रोग्रामिंग भाषेत ‘असिंक-आयओ’ हे मॉड्यूल (घटक) २०१४ साली ३.४ आवृत्तीत तात्पुरत्या दर्जाने आले आणि २०१६ मध्ये ३.६ आवृत्तीत स्थिर झाले. मधल्या काळात ‘असिंक’ या फंक्शनचे नाव बदलून ‘एन्शुअर फ्यूचर’ करण्यात आले, कारण ‘असिंक’ हा पुढे भाषेचा राखीव, म्हणजे नाव म्हणून वापरता न येणारा, शब्द होणार होता.

उणिवांची यादी घटकाच्या फोल्डरमध्येच ठेवावी. लिनक्स या संगणक प्रणालीच्या गाभ्यात (कर्नलमध्ये) अपुऱ्या कोडसाठी ‘स्टेजिंग’ विभाग आहे; तिथे प्रत्येक ड्रायव्हरसोबत (उपकरण चालवणाऱ्या कोडसोबत) ‘टूडू’ नावाची फाइल असते आणि त्यात काय बाकी आहे ते लिहिलेले असते. यादी समोर असली की ‘तयार आहे का’ हा वाद उरत नाही; किती ओळी राहिल्या, एवढेच पाहायचे.

चाचण्यांसाठी खऱ्या नोंदींतील क्षेत्राचे आकडे घ्यावेत. खातेदारांची नावे व गट क्रमांक मात्र काढून टाकावेत. १ हेक्टर २० आर म्हणजे २ एकर ३८.६ गुंठे, हा अपूर्णांक कुठे आणि कसा पूर्ण करायचा, हे चाचणीत नोंदवलेले असावे. देवनागरी अंक, रिकामे रकाने आणि शून्य क्षेत्र यांच्याही चाचण्या हव्यात.

घटक सांभाळायला किमान दोन माणसे हवीत, यावर मी ठाम आहे. लिहिणारा विद्यार्थी नोकरीसाठी पुण्याला गेला की विचारणा अनुत्तरित पडून राहतात, हे आम्ही अनुभवले आहे. दुसऱ्या माणसाने एक तरी बग स्वतः दुरुस्त केलेला असावा. यादीत नुसते नाव असून भागत नाही. परवाना, म्हणजे कोड कोणत्या अटींवर वापरता येईल, तोही याच वेळी तपासावा. ज्यांनी ज्यांनी कोड दिला, त्या सर्वांची लायब्ररीच्या परवान्याला लेखी संमती घ्यावी, कारण चार वर्षांनी त्यांना शोधणे अवघड जाते.

त्यानंतर प्रस्ताव मांडावा. घटक काय करतो, काय करत नाही, कोण वापरते आणि कोण सांभाळणार, एवढे दोन पानांत लिहून हरकतींसाठी मुदत द्यावी. रस्ट भाषेच्या प्रकल्पात अंतिम अभिप्रायासाठी १० दिवस दिले जातात. आपल्याकडे पेरणीच्या किंवा सुगीच्या दिवसांत वापरणाऱ्यांना सवड नसते, म्हणून आम्ही महिनाभर थांबलो. आलेल्या प्रत्येक हरकतीला लेखी उत्तर द्यावे, आणि एखादी हरकत मूळ रचनेवरच असेल, तर दर्जा पुढच्या आवृत्तीपर्यंत लांबवावा.

शेवटी स्थलांतर. घटक नव्या जागी हलवला, तरी जुना पत्ता लगेच बंद करू नये. पुढच्या दोन आवृत्त्यांपर्यंत जुन्या नावाने बोलावल्यास काम व्हावे, पण सोबत नवे नाव सांगणारी सूचना दिसावी. ती सूचना आम्ही मराठीत दिली आणि जुना पत्ता कोणत्या आवृत्तीत बंद होणार, तो क्रमांकही त्यातच लिहिला.